मानेत गाठ, सुईच्या तपासणीत ग्रॅन्युलोमा, पण टीबीचा जंतू काही सापडत नाही

प्रूफवाली

नमस्कार. लांबण लागणार आहे, आधीच सांगते. प्रूफं तपासणं हा माझा धंदा, त्यामुळे कुठला तपशील गाळावा हे मला आयुष्यात कधी कळलेलं नाही.

वय ३६. चार आठवड्यांपूर्वी तोंड धुताना डाव्या कानाखाली, जबडा वळतो त्या कोपऱ्यात, बोटाला गोटी लागली. दाबली की दुखायची. पहिला संशय दाढेवर घेतला, दातांच्या डॉक्टरांनी एक्स-रे काढून दाढेला निर्दोष सोडलं. मग सात दिवस अमॉक्सिसिलिन-क्लॅव्ह्युलॅनिक अ‍ॅसिड. गाठ ढिम्म. उलट तिच्या खाली आणखी दोन बारक्या आल्या. पहिल्या आठवड्यात संध्याकाळी अंग कोमट व्हायचं, शंभराच्या आसपास, मग तेही थांबलं. वजन आहे तेवढंच. रात्री घाम नाही. खोकला नाही.

तपासण्या: रक्ताचा अहवाल साधारण ठीक, ईएसआर, म्हणजे अंगातली सूज दाखवणारा आकडा, ३८, थोडा वाढलेला. एचआयव्ही निगेटिव्ह. छातीचा एक्स-रे स्वच्छ. माँटू, म्हणजे टीबीसाठीची कातडीवरची चाचणी, १२ मिमी. सोनोग्राफीत तीन गाठी, मोठी २.८ × १.९ सेंमी, 'आतला हायलम (गाठीचा नेहमीचा मधला भाग) दिसत नाही, मध्यभाग काळसर, भोवती सूज'. मग सुई घालून तपासणी, म्हणजे एफएनएसी. अहवालाचा मथितार्थ: एपिथेलिऑइड पेशींचे पुंजके, बरेच न्यूट्रोफिल, नेक्रोसिस (मेलेला भाग), ग्रॅन्युलोमॅटस लिम्फॅडिनायटिस (ग्रॅन्युलोमा, म्हणजे पेशींचे गोळे, असलेली गाठीची सूज), क्षयरोगाची शक्यता, लक्षणांशी पडताळून पाहावे. पण टीबीच्या जंतूंसाठीचा झेडएन डाग निगेटिव्ह, जीन-एक्सपर्टमध्येही, म्हणजे जंतूची जनुकं शोधणाऱ्या तपासणीतही, टीबी सापडला नाही. कल्चर, म्हणजे जंतू वाढवून बघायची तपासणी, लावलंय, त्याला सहा आठवडे.

डॉक्टर म्हणतात, कल्चरची वाट बघत बसण्यापेक्षा टीबीची औषधं सुरू करू. दोन महिन्यांत गाठ बसली की निदान पक्कं. माणूस चांगला आहे, घाईचा नाही. पण 'बसली की पक्कं' हे वाक्य माझ्या डोक्यात अडकलंय. आधी छापा आणि मग प्रूफ तपासा, असं काहीसं ते वाटतं.

त्यांनी विचारलेले प्रश्नही लिहिते. घरात कुणाला टीबी? नाही. तंबाखू? नाही. प्रवास? नाही. प्राणी पाळलेत का? नाही. केसपेपरवर 'नाही'चा एक सरळ उभा रकाना तयार झाला.

डाव्या कानामागे चष्म्याच्या दांडीनं घासून एक पुळी आली होती. ती गाठीच्या आधीची, आता सुकलीय. तिचा संबंध नसावा. पण म्हटलं ना, गाळता येत नाही.

औषधं सुरू करण्याआधी आणखी काही विचारायचं राहिलंय का?


दोन बोके, एक मी

ताई, तुम्ही प्राणी पाळलेला नाही हे कळलं. पण एखादं मांजर तुम्हाला पाळत असेल तर? जिन्यातलं, गच्चीवरचं, शेजारणीचं, ऑफिसच्या दारातलं?

विचारतोय कारण मी या चक्रातून गेलोय. माझी गाठ कोपराच्या वर, आतल्या बाजूला. तिथे गाठ असते हेच मला माहीत नव्हतं. आधी चरबीची गाठ ठरली, मग शीर, मग 'काही नाही'. शेवटी एका तरुण डॉक्टरणीनं माझा हात उलटा करून मनगटावरचे ओरखडे मोजले. सतरा! आमचा धाकटा बोका तेव्हा चार महिन्यांचा होता आणि माझा हात म्हणजे त्याची तालीम. कॅट स्क्रॅच डिसीज, म्हणजे मांजर बोचकारल्यानं होणारा ताप-गाठीचा आजार.

तुमचं तेच आहे असं म्हणत नाही. पण मांजराचा प्रश्न 'पाळलंय का' असा विचारू नये. 'अंगाला लागलंय का' असा विचारावा.


पेशीवाचक

मी पॅथॉलॉजिस्ट आहे, सुईच्या काचा वाचणं हे माझं रोजचं काम. तुमची काच मी पाहिलेली नाही, तेव्हा निदान तुमच्या डॉक्टरांनीच करायचं. पण तुम्ही शेवटी टाकलेली ओळ खरं तर सगळ्यात वर हवी होती. ती पुळी.

तीन गोष्टी सांगा. पुळी गाठीच्या नेमकी किती दिवस आधी आली? कशी दिसत होती, पिकलेली की नुसती लालसर, कडक? आणि चष्मा किती जुना आहे? नव्या चष्म्याची दांडी टोचते, जुनी सहसा टोचत नाही.

कानामागची आणि त्यावरची डोक्याची कातडी यांचा निचरा कानामागच्या आणि मानेच्या वरच्या गाठींकडे होतो. पायाला जखम झाली की जांघेत गाठ उठते, तिला आपल्या भाषेत अवधाण म्हणतात ना? तोच हिशेब. गाठ कुठे उठली यावरून वाट मागे काढत गेलं की पुष्कळदा दार सापडतं.


प्रूफवाली

चष्मा चार वर्षं जुना. हे वाचून पाच मिनिटं नुसती बसून होते.

मांजर आहे. म्हणजे माझं नाही. आमच्या जिन्याच्या खालच्या वळणावर एका मांजरीनं पिलं घातली होती. त्यातलं एक करडं पिल्लू, अडीच-तीन महिन्यांचं असेल, मी पायरीवर बसून बूट घालायला लागले की पाठीवरून चढून खांद्यावर यायचं आणि कानाशी तोंड घालून घुर्र करायचं. एकदा वरून कुणाचं तरी दार आपटलं. पिल्लू दचकलं आणि माझ्या कानामागे नखं रोवून त्यानं पलीकडे उडी मारली. झोंबलं. हात लावला तर बोटावर रक्ताचा एक टिपका. 'गाढवा' म्हटलं आणि कामाला गेले.

फोनमध्ये त्याच सकाळचा फोटो सापडला, म्हणून तारीख पक्की. त्यानंतर साधारण सहाव्या-सातव्या दिवशी पुळी: तांबूस, कडक, मुगाच्या दाण्याहून लहान, पू नाही, दुखणं नाही. मी चष्म्यावर खापर फोडलं. ओरखडा पडल्याच्या सतराव्या दिवशी गाठ हाताला लागली.

डॉक्टरांनी विचारलं होतं, मीच 'नाही' म्हटलं. अक्षरशः खरं उत्तर. पाळलेलं नाहीच ते.


पेशीवाचक

पुस्तकातला कालक्रम इतका सरळ क्वचित भेटतो. नख लागल्यापासून ३ ते १० दिवसांत त्या जागी पुळी, आणि साधारण १ ते ३ आठवड्यांत, कधी त्याहून उशिरा, त्या वाटेवरची गाठ. काख, कोपर, मान, जबड्याखाली, जांघ, जिथे नख लागलं त्याप्रमाणे. पुळी दुखत नाही, म्हणून रुग्ण ती विसरतो, आणि डॉक्टर गाठीकडेच बघत राहतात. याचा जंतू बार्टोनेला हेन्सेली.

आता तुमच्या अहवालाबद्दल. ग्रॅन्युलोमा म्हणजे टीबी नव्हे. ग्रॅन्युलोमा म्हणजे शरीरानं न पचणाऱ्या पाहुण्याभोवती घातलेलं रिंगण. पाहुणा कोण हे रिंगणावरून दर वेळी कळत नाही. टीबीत मधला भाग बहुधा कोरडा, चुरगळलेल्या पनीरासारखा मेलेला असतो आणि न्यूट्रोफिल, म्हणजे पुवाच्या पेशी, त्या मानानं कमी. मांजराच्या आजारात गाठीत चांदणीच्या आकाराचे बारीक गळू तयार होतात, मध्ये न्यूट्रोफिल खच्चून भरलेले. तुमच्या अहवालातलं 'बरेच न्यूट्रोफिल' म्हणून मला थांबवतं.

पण आमची अडचणही समजून घ्या. ती चांदणी दिसते गाठीचा तुकडा कापून त्याचा पातळ छेद घेतला तर. सुईनं आम्ही पेशी ओढून काचेवर पसरतो, तेव्हा नक्षी मोडते आणि नुसते मणी हाती येतात. त्या मण्यांवरून आम्ही 'क्षयरोगाची शक्यता, पडताळून पाहावे' असं लिहितो. 'पडताळून पाहावे' हे शब्द मी रोज लिहितो आणि ते कुणी वाचत नाही, हे माझं जुनं दुखणं. शिवाय टीबीतही न्यूट्रोफिल असू शकतात, आणि जीन-एक्सपर्ट निगेटिव्ह आली म्हणून गाठीचा टीबी बाद होत नाही. तेव्हा तुमच्या डॉक्टरांनी टीबी मनात धरला यात चूक काही नाही. माँटू १२ मिमी मात्र दोन्हीकडे बोट दाखवते: मोठ्या माणसात पूर्वी कधी टीबीच्या जंतूशी गाठ पडली असेल तरी ती फुगते.

'औषधं देऊन बघू, बसली तर पक्कं' हे मला का खुपतं तेही सांगतो. मांजराचा आजार धडधाकट माणसात बहुधा दोन ते चार महिन्यांत आपोआप ओसरतो. आणि टीबीच्या गोळ्यांतलं रिफाम्पिसिन बार्टोनेलावरही चालतं. म्हणजे गाठ बसणारच! मग तुम्ही सहा महिने गोळ्या घेणार, यकृताच्या तपासण्या करणार आणि जन्मभर सांगणार, मला टीबी होऊन गेला.

डॉक्टरांना ही गोष्ट तारखांसकट सांगा आणि बार्टोनेलाच्या अँटिबॉडींची तपासणी करता येईल का विचारा. आयएफए म्हणतात तिला. सगळीकडे होत नाही, बहुतेक ठिकाणी नमुना मोठ्या प्रयोगशाळेकडे पाठवतात. रक्तातलं सीरम दुप्पट-दुप्पट पातळ करत जायचं आणि कुठल्या पायरीपर्यंत अँटिबॉडी जंतूला चिकटून चमकतात ते सूक्ष्मदर्शकाखाली बघायचं. आयजीजी, म्हणजे त्यातल्या जास्त काळ टिकणाऱ्या अँटिबॉडी, १:६४ च्या खाली असेल तर या आजाराची शक्यता कमी. १:६४ ते १:२५६ म्हणजे कुंपणावर, दोन ते चार आठवड्यांनी पुन्हा करायची. १:२५६ च्या वर गेली तर अलीकडच्या संसर्गाला भक्कम आधार. आधारच म्हणतोय, पुरावा नाही, कारण मांजरांत वावरणाऱ्या निरोगी माणसांतही जुन्या अँटिबॉडी सापडतात. आकडा गोष्टीबरोबर वाचायचा.

या रक्तासाठी टीबीची औषधं काही दिवस पुढे गेली तर चालेल का, हे तुम्हाला तपासणाऱ्यांनीच ठरवायचं. आणि कुणी हे वाचत असेल आणि टीबीच्या गोळ्या आधीच चालू असतील, तर माझ्या भरवशावर त्या बंद करू नका.


थांबलेला

मधेच बोलतो. मला मांजराच्या निदानाबद्दल काही म्हणायचं नाही, पण हे सगळं फार छान जुळतंय म्हणून भीती वाटली.

माझ्या थोरल्या भावाच्या मानेत गाठ होती. त्याच्याकडेही मांजर होतं, हातावर ओरखडेही होते. आम्ही घरीच ठरवून टाकलं, हाच तो आजार. त्याची गाठ गळपट्टीच्या हाडाच्या वर होती, रबरासारखी, न दुखणारी. कुणीतरी मधे स्टेरॉईडचा छोटा कोर्स दिला, गाठ झकास उतरली, आम्ही सुटकेचा श्वास टाकला. दीड महिन्यानं दुप्पट होऊन परत. शेवटी अख्खी गाठ काढून तपासली: हॉजकिन लिम्फोमा, म्हणजे या गाठींचाच कर्करोग. आता बरा आहे. पण गेलेले ते महिने मला अजून टोचतात.

ताई, तुमची गाठ दुखरी आहे, जागा वेगळी आहे, हे कळतंय. तरी कॅलेंडरवर एक तारीख टाका. त्या तारखेपर्यंत उतरली नाही तर बायोप्सी, मग आकडा काहीही येवो.


पेशीवाचक

या माणसाचं ऐका. गळपट्टीच्या हाडावरची गाठ, कडक किंवा हलत नसलेली गाठ, वजन उतरणं, अंथरूण भिजवणारा घाम, किंवा आठवड्यांमागून आठवडे वाढतच जाणं, यातलं काहीही असेल तर ओरखड्याची गोष्ट कितीही गोड असली तरी बायोप्सी लांबवायची नाही. आणि निदान पक्कं होण्याआधी स्टेरॉईड नको. लिम्फोमा त्यानं तात्पुरता वितळतो आणि आमच्या काचेवर खोटं चित्र उमटतं.


सावध नागरिक

ते पिल्लू आधी कुठेतरी लांब नेऊन सोडा. मांजर म्हणजे रोगांचं घर. टोक्सोप्लाझ्मा नावाच्या परजीवीचा आजार पण त्यांच्यामुळेच होतो.


नखं कापणारा

पशुवैद्य आहे. लांब नेऊन सोडल्यानं तुमची गाठ उतरणार नाही, आणि जिन्यात उद्या दुसरं पिल्लू येईल. टोक्सोप्लाझ्मानंही मानेत गाठी येतात हे खरं, म्हणून डॉक्टर त्याची तपासणी करतात. पण तो मांजराच्या विष्ठेतून, मातीतून आणि कच्च्या मांसातून येतो. नखाचा आणि त्याचा संबंध नाही.

बार्टोनेलाचा खरा हमाल पिसू. पिसू मांजराचं रक्त पिते, तिच्या विष्ठेत जंतू उतरतात, ती विष्ठा केसांत पडते, मांजर खाजवतं, नखांत भरते, आणि नख तुमच्या कातडीत. चावल्यानंही होऊ शकतं. जखमेवर चाटू देणंही बरं नव्हे. एक वर्षाखालची पिलं जास्त धोक्याची, कारण त्यांच्या रक्तात जंतू जास्त सापडतात, आणि नखांचा वापर कुठे थांबवावा याची त्यांना अक्कल नसते. पिल्लू स्वतः मजेत असतं. म्हणून 'ते तर आजारी दिसत नव्हतं' याला अर्थ नाही.

पिल्लाची रक्ततपासणी करू नका. पॉझिटिव्ह आली तरी तुमच्या निदानात भर पडत नाही, अशी मांजरं पुष्कळ असतात. निगेटिव्ह आली तरी काही सिद्ध होत नाही, जंतू रक्तात येऊन-जाऊन असतात. त्यापेक्षा हे करा: पांढरा कागद ओला करा, त्यावर पिल्लाला उभं करून शेपटीच्या मुळाशी केस उलटे विंचरा. काळे कण पडतील. माती असेल तर काळीच राहील. पिसवांची विष्ठा असेल तर कणाभोवती तांबूस वर्तुळ पसरेल, कारण ते पचलेलं रक्त आहे.

पिसवांचं औषध पशुवैद्याकडूनच घ्या. कुत्र्यांच्या औषधात परमेथ्रिन असलं तर ते मांजराच्या जिवावर बेतू शकतं.

आणि एक गोष्ट इथे कुणीच काढली नाही. रक्त आलं होतं म्हणालात. जिन्यातलं, लस न दिलेलं जनावर. रेबीजबद्दल डॉक्टरांना त्याच दिवशी विचारायला हवं होतं. अशी जखम लगेच साबण-पाण्यानं पंधरा मिनिटं धुवायची आणि लसीचं विचारायचं. पिल्लू आज जिवंत आणि ठणठणीत आहे ना?


प्रूफवाली

आहे. काल त्यानं माझ्या बुटाची नाडी सोडली. रेबीजचं माझ्या डोक्यात आलंच नव्हतं, याची लाज वाटते. उद्या डॉक्टरांना तेही सांगते.

कागदाचा प्रयोग केला. पहिल्यांदा काहीच नाही. दुसऱ्यांदा विंचरताना मिरीच्या पुडीसारखे सात-आठ कण पडले. मिनिटभरानं प्रत्येकाभोवती गंजाच्या रंगाचं वर्तुळ. आयुष्यात एवढ्या बारीक अक्षरांतलं इतकं ठळक प्रूफ वाचलं नव्हतं.


प्रूफवाली

अकरा दिवसांनी लिहितेय.

डॉक्टरांनी सगळं शांतपणे ऐकलं. मग जुना केसपेपर काढून 'प्राणी: नाही' या ओळीवर बोट ठेवलं आणि माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, तुम्ही 'पाळलेत का' विचारलंत. ते म्हणाले, यापुढे 'बोचकारलंय का' विचारीन. रेबीजचं: ओरखडा पडून दहा दिवसांहून जास्त झालेत आणि पिल्लू धडधाकट आहे, तेव्हा त्या ओरखड्यामुळे काळजी नको, पण पुढच्या वेळी त्याच दिवशी यायचं. टीबीची औषधं कल्चर येईपर्यंत थांबवायला ते तयार झाले, पण अट घातली: दर आठवड्याला गाठ मोजायची, वजन करायचं, आणि आजपासून सहा आठवड्यांत निम्मी झाली नाही तर गाठ काढून तपासायची. थांबलेला, तुमची तारीख पडली कॅलेंडरवर, लाल पेनानं.

अहवाल: बार्टोनेला हेन्सेली आयजीजी १:५१२. आयजीएम निगेटिव्ह.

मधल्या काळात मोठी गाठ मऊ पडली, वरची कातडी लाल आणि तकतकीत. त्यांनी चीर न देता जाड सुईनं चार मिली पू काढला. लगेच मान वळायला लागली. पू बार्टोनेलाच्या पीसीआरला, म्हणजे त्याची जनुकं शोधायला, पाठवला. आज उत्तर आलं: जंतू सापडला नाही.

आता सांगा. एक हो, दोन नाही. बहुमतानं चालतं का?


पेशीवाचक

बहुमत चालत नाही, वजन चालतं.

आयजीएम, म्हणजे संसर्गाच्या सुरुवातीला येणारी अँटिबॉडी, थोडेच दिवस टिकते. तुमचं रक्त ओरखड्यानंतर सात आठवड्यांनी काढलं, तोवर ती ओसरलेली असणं अगदी शक्य आहे. पीसीआर पॉझिटिव्ह आली असती तर फार मोलाची, कारण ती सहसा खोटं बोलत नाही. पण निगेटिव्हला तेवढं वजन नाही. आजार जुना होत जातो तसे जंतू कमी होतात आणि मागे उरतो तो शरीराचा राग. पुवाच्या साध्या कल्चरवर तर भिस्तच नको, हा जंतू वाढायला आठवडेच्या आठवडे घेतो.

हा जंतू मुळातच लाजाळू. फ्रेंच बालरोगतज्ज्ञ रोबेर देब्रे यांनी १९५० मध्ये या आजाराचं वर्णन केलं. त्यानंतर कित्येक वर्षं निदानासाठी काय करत, माहीत आहे? एका रुग्णाच्या गाठीतला पू तापवून निर्जंतुक करायचा आणि तो दुसऱ्याच्या कातडीत टोचून फुगतंय का पाहायचं. आज अंगावर काटा येतो. चांदीच्या डागानं गाठीत बारीक दंडगोल जंतू दिसले ते १९८३ मध्ये, आणि रुग्णांच्या रक्तातून बार्टोनेलाकडे बोट गेलं १९९२ मध्ये. बेचाळीस वर्षं ज्याची ओळख पटली नाही, तो तुमच्या चार मिलीत सापडला नाही म्हणून वाईट वाटून घेऊ नका.

चीर दिली नाही हे उत्तम. या गाठींना चीर दिली तर जखम पाझरत राहून न भरणारी नळीसारखी वाट पडू शकते. सुई बरी.

माझ्या हिशेबात ओरखड्याची तारीख, पुळी, त्याच वाटेवरची दुखरी गाठ, न्यूट्रोफिलवाला ग्रॅन्युलोमा आणि १:५१२, एवढं एका पारड्यात आहे. दुसऱ्या पारड्यात टीबीचं कल्चर अजून यायचंय. तोवर 'बहुधा' म्हणा.


दोन बोके, एक मी

माझी पहिली तपासणी १:१२८ आली होती, कुंपणावर. तीन आठवड्यांनी १:१०२४. तोवर गाठ उतरायलाही लागली होती, म्हणजे निदान पक्कं झालं तेव्हा आजार निघायच्या तयारीत! अ‍ॅझिथ्रोमायसिन दिलं का तुम्हाला?


प्रूफवाली

दिलं, पाच दिवसांचं. डॉक्टर म्हणाले फायदा होईल, पण जादू नाही.


पेशीवाचक

बरोबर सांगितलं त्यांनी. १९९८ चा एक छोटा प्रयोग आहे. १४ जणांना अ‍ॅझिथ्रोमायसिन, १५ जणांना नुसती खोटी गोळी. तीस दिवसांत गाठ ऐंशी टक्के लहान झाली पहिल्या गटातल्या ७ जणांची, दुसऱ्यातल्या एकाची. त्यानंतर मात्र दोन्ही गटांत फरक उरला नाही. म्हणजे औषध घाई करतं, एवढंच.

एका डोळ्याला अंधूक दिसू लागलं, फार डोकं दुखलं, झटका आला किंवा ताप परतून हटेना झाला तर मात्र वाट बघू नका. हा जंतू क्वचित डोळ्याच्या पडद्याला, मेंदूला, यकृत-प्लीहेला किंवा हृदयाच्या झडपेला गाठतो. प्रतिकारशक्ती कमी असलेल्यांत तर हा आजारच वेगळा वागतो, त्यांनी या चर्चेवरून कसलाच अंदाज बांधू नये.


प्रूफवाली

शेवटचं लिहिते, मग तुम्हाला सोडते.

४२ दिवस पूर्ण. टीबीचं कल्चर निगेटिव्ह. लाल पेनाची तारीख परवा होती. मोठी गाठ २.८ वरून १.१ सेंमी, शर्टाच्या बटणाएवढी, दाबली तरी दुखत नाही. बाकीच्या दोन मला सापडतच नाहीत, डॉक्टरांना सापडल्या पण त्यांनी त्यांची दखल घेतली नाही. वजन दीड किलोनं वाढलंय, ते आजाराच्या नावावर टाकता येत नाही.

दुसरी अँटिबॉडी तपासणी १:२५६. मी आनंदानं 'निम्मी झाली!' म्हटलं, तर डॉक्टर म्हणाले एका पायरीचा फरक धरायचा नसतो, एकच नमुना दोनदा तपासला तरी तेवढं इकडेतिकडे होतं. आनंद गाठीवर मानायचा. पेशीवाचक, तुम्ही दोघं एकमेकांना ओळखता का? आणखी दोन महिन्यांनी पुन्हा दाखवायचंय, ती तारीखही टाकलीय.

पिल्लाला आणि त्याच्या आईला पिसवांचं औषध झालं, लस झाली. नखांची टोकंही कापून घेतली, त्या दिवशी दोघींनी मला ओळख दाखवली नाही. पिल्लू आता खांद्यावर मावत नाही, पायरीवर शेजारी बसतं.

परवा निघताना डॉक्टरांनी केसपेपर पुढ्यात ओढला. 'प्राणी' समोरच्या 'नाही'वर एकच आडवी रेघ मारली, खालचा शब्द वाचता येईल अशी, वर लिहिलं 'जिन्यात एक', आणि बाजूला सही-तारीख केली. दुरुस्ती नियमाप्रमाणे आहे.